अ‍ॅलर्जीची स्किन टेस्ट: आधी कुठल्या गोळ्या बंद, तिथे काय होतं आणि रिपोर्ट कसा वाचायचा

डॉक्टरांनी अ‍ॅलर्जीची स्किन टेस्ट लिहून दिली की घरात पहिला प्रश्न ठरलेला, दुखतं का गं? तर नाही, दुखत नाही, टोचल्याचं जेमतेम कळतं आणि मग खाजतं, बास. जो प्रश्न विचारायला हवा तो मात्र कोणी विचारत नाही, तो म्हणजे गेल्या आठवड्यात तुम्ही कुठली कुठली गोळी घेतलीये. कारण ही टेस्ट प्रत्यक्ष करताना फारशी बिघडत नाही, ती बिघडते आदल्या आठवड्यात घरच्या औषधाच्या डब्यापाशी, किंवा मग नंतर रिपोर्ट वाचताना. मधला तास-दीड तास सगळ्यात सोपा असतो. म्हणून हे सगळं जरा सविस्तर लिहितेय, ठाणे नवी मुंबईकडच्या लोकांना डोळ्यासमोर ठेवून, कारण आपल्याकडचा दमट हवेचा, बांधकामाच्या धुळीचा आणि पावसाळ्यात भिंतीवर चढणाऱ्या बुरशीचा मामला वेगळाच आहे.

आधी टेस्ट कुठली ते कळू दे. सगळे सरसकट अ‍ॅलर्जी टेस्ट म्हणतात पण त्यात निदान तीन वेगळे प्रकार आहेत. सकाळी उठल्या उठल्या शिंकांचा सपाटा, नाक गळणं, डोळे चोळून चोळून लाल, दमा, किंवा काहीतरी खाल्ल्यावर तासाभरात ओठ सुजले, घसा खाजला, अशा तक्रारींसाठी असते ती स्किन प्रिक टेस्ट, हातावर थेंब टाकून टोचतात ती. जिथे वस्तू लागली तिथेच एक-दोन दिवसांनी लाल होऊन खाज सुटते, सालं निघतात, त्यासाठी पॅच टेस्ट, ती पाठीवर चिकटवतात आणि ती बहुतेक स्किनवाले डॉक्टर करतात. तिसरी इंट्राडर्मल, यात कातडीच्या आत बारीक सुईने थोडंसं द्रव्य सोडतात, ती मुख्यतः पेनिसिलिनसारख्या औषधांसाठी किंवा मधमाशी-गांधीलमाशीसाठी, आणि ती हॉस्पिटलच्याच देखरेखीत करायची गोष्ट. बहुतेकांना सांगितलेली असते ती पहिली, ईएनटी किंवा छातीच्या डॉक्टरांनी किंवा मुलांच्या डॉक्टरांनी, म्हणून मी जास्त तिच्याबद्दलच बोलणारे.

आता एक मोठा गैरसमज. अंगावर पित्त उठतं म्हणून अ‍ॅलर्जी टेस्ट करायची असं खूप जण ठरवून येतात. महिनोन् महिने संध्याकाळ झाली की गांधी उठतात, आई आमसूल चोळते, मग सेट्रिझिन, मग परत दुसऱ्या दिवशी तेच. सहा आठवड्यांच्या वर असं रोजचं किंवा जवळजवळ रोजचं चालू असेल ना, तर त्यामागे बाहेरची एखादी वस्तू सापडण्याची शक्यता फारच कमी असते आणि साठ थेंबांच्या टेस्टने हाताला लागतं ते काहीबाही. त्यावरून वांगं बंद, डाळ बंद, दही बंद असं चालू होतं आणि पित्त जिथल्या तिथे. अशा पित्तासाठी औषध नीट मुदतीने घेणं हाच मार्ग असतो, टेस्ट लागलीच तर ती का करतोय ते डॉक्टरांना सरळ विचारा. दाढ काढल्यावर पेनकिलर घेतली आणि अर्ध्या तासात चेहरा सुजला, ही वेगळी केस, ती लगेच सांगायची, आणि ती गोळी परत घ्यायची नाही.

दुसरं म्हणजे धूळ. घोडबंदरला राहणारा प्रत्येक जण म्हणतो मला धुळीची अ‍ॅलर्जी आहे, मेट्रोचं काम, टॉवरची कामं, डंपर, मान्य, श्वास घेववत नाही. पण रस्त्यावरची सिमेंट-मातीची धूळ ही नाकाला त्रास देणारी वस्तू आहे, अ‍ॅलर्जन नाही, म्हणजे शरीर जिला शत्रू समजून अ‍ॅलर्जीने उसळतं अशी वस्तू नाही, तिचा थेंब टेस्टच्या बाटल्यांमध्ये नसतोच. टेस्टमध्ये जी "हाउस डस्ट माइट" लिहिलेली असते ती घरातल्या गादी, उशी, सोफ्यातली डोळ्याला न दिसणारी कीड, आपल्याच अंगाच्या कोंड्यावर जगते. ती पाणी पीत नाही, हवेतला ओलावाच शोषून घेते, म्हणून आपल्या खाडीकाठच्या दमट हवेत मजेत राहते. म्हणजे खिडक्या बंद करून बसलेल्या माणसाचीही "धुळीची" अ‍ॅलर्जी जोरात असू शकते, आणि बांधकामाशेजारी राहणाऱ्याची टेस्ट कोरी येऊ शकते. तसंच फोडणीचा ठसका, उदबत्ती, डासांची कॉइल, उग्र परफ्यूम, यांनी शिंका येतात खोकला येतो पण टेस्टमध्ये हे दिसणार नाही. टेस्ट निगेटिव्ह आली म्हणजे तुम्ही नाटक करताय असा अर्थ नाही, हे घरातल्या ज्येष्ठांना आधीच सांगून ठेवा.

आणि कबुतरं. बाल्कनीत कबुतरं बसतात, विष्ठा पडते, आणि कोणाला महिनोन् महिने कोरडा खोकला, जिना चढताना दम लागणं, वजन उतरणं असं असेल तर ते नाकाच्या अ‍ॅलर्जीचं खातं नाहीच. त्यातून फुफ्फुसाला सूज येणारा वेगळा आजार होऊ शकतो, त्यात हातावरच्या टेस्टचा काही उपयोग नाही, त्याला छातीच्या डॉक्टरांकडे जाऊन सीटी स्कॅन वगैरे लागतं. यात वेळ घालवू नका.

गोळ्यांचं काय करायचं

हा भाग दोनदा वाचा. टोचल्यावर कातडीतून हिस्टामिन सुटतं आणि त्यानेच गांध उठते, आणि अ‍ॅलर्जीच्या गोळ्या नेमकं तेच हिस्टामिन दाबतात. मग गोळी पोटात असताना टेस्ट केली तर हात कोरा राहतो आणि रिपोर्ट म्हणतो तुम्हाला कशाचीच अ‍ॅलर्जी नाही. म्हणून सेट्रिझिन, लिव्होसेट्रिझिन, फेक्सोफेनाडिन, लोराटाडिन, बिलास्टिन या सगळ्या साधारण ५ ते ७ दिवस आधी बंद करायला सांगतात, तुमच्या डॉक्टरांनी जो आकडा दिलाय तो पाळा.

गोची अशी की ही औषधं आपल्या लक्षातही येणार नाहीत अशा ठिकाणी लपलेली असतात. मॉन्टेअर एलसी मधलं ते एलसी म्हणजे लिव्होसेट्रिझिन. नुसतं मॉन्टेलुकास्ट चालतं, एलसी लागलं की नाही. सर्दीच्या बहुतेक गोळ्यांमध्ये क्लोरफेनिरामिन असतं, खोकल्याच्या पुष्कळशा सिरपमध्ये असतं. ॲव्हिल, अ‍ॅटरॅक्स तीच जात. गावाला जाताना घाटात उलटी होऊ नये म्हणून एव्होमिन घेता ना, ते प्रोमेथाझिन, तेही अँटीहिस्टामिनच, म्हणजे हिस्टामिन दाबणारं. नाकाचा अ‍ॅझेलास्टिनचा स्प्रे, डोळ्यांचे अ‍ॅलर्जीचे थेंब, हेसुद्धा विचारून घ्या. सगळ्यात सोपं म्हणजे घरातली सगळी पाकिटं समोर मांडायची, मागच्या बाजूचे फोटो काढायचे आणि अपॉइंटमेंट घेतानाच त्यांना पाठवायचे. "रोजची एक पांढरी छोटी गोळी" असं सांगून कोणाला काही कळत नाही.

काही औषधं मात्र स्वतःच्या मनाने अजिबात बंद करायची नाहीत. झोपेसाठी किंवा मायग्रेनसाठी दिलेली अ‍ॅमिट्रिप्टिलिन, डॉक्सेपिन यांनीही टेस्ट दबते, पण ती थांबवायची की नाही हे ज्यांनी दिली त्यांना विचारून. बीपीसाठी अ‍ॅटेनोलॉल, मेटोप्रोलॉल, हात थरथरतात म्हणून प्रोप्रॅनोलॉल, काचबिंदूसाठी टिमोलॉलचे थेंब, ही बीटा ब्लॉकर मंडळी. यांनी टेस्ट बिघडत नाही पण चुकून मोठी रिअ‍ॅक्शन आली तर अ‍ॅड्रिनलिनचं इंजेक्शन नीट काम करत नाही, म्हणून आधी सांगायचंच. दम्याचा इनहेलर, नाकाचा स्टिरॉइड स्प्रे चालू ठेवायचा, त्याने काही बिघडत नाही, उलट इनहेलर बंद करून दम लागत असताना गेलात तर टेस्ट करणारच नाहीत आणि बरोबरच आहे ते. हाताला एक्झिमाचं स्टिरॉइड मलम लावत असाल तर टेस्टच्या जागी लावायचं नाही, किती दिवस ते विचारा.

गोळी नसलेले ते दिवस खरंच वाईट जातात, त्यात पावसाळा असेल तर बघायलाच नको. मिठाच्या पाण्याने नाक धुणं (उकळून गार केलेलं पाणी, नळाचं नाही), नाकाचा स्टिरॉइड स्प्रे, आणि रात्रीची उशी बदलणं, एवढ्यावर काढायचे. अगदीच सहन झालं नाही तर गोळी घ्या, पण मग फोन करून तारीख पुढे ढकला, गुपचूप जाऊ नका. ज्यांना गोळी थांबवणं शक्यच नाही, किंवा पूर्ण हातभर एक्झिमा आहे, किंवा नखाने नुसती रेघ ओढली तरी कातडीवर उठते, त्यांच्यासाठी रक्तातली स्पेसिफिक आयजीई टेस्ट (आयजीई म्हणजे अ‍ॅलर्जीत शरीर बनवतं ते प्रोटीन) असते, तिला गोळ्यांचा काही फरक पडत नाही. प्रेग्नन्सीत स्किन टेस्ट साधारणपणे पुढे ढकलतात. आणि अलीकडेच मोठी रिअ‍ॅक्शन येऊन अ‍ॅडमिट झाला असाल तर काही आठवडे थांबायला सांगतील, कारण त्या काळात खोटी निगेटिव्ह येऊ शकते.

त्या दिवशी

जेवून जा. उपाशीपोटी काही नसतं यात, उलट रिकाम्या पोटी सुई बघून चक्कर येणारे लोक असतात. ढगळ बाही, किंवा हाफ. हाताला तेल, बॉडी लोशन, काही लावायचं नाही. बांगड्या, घड्याळ काढायला लागतं. आणि मेंदी! मंगळागौर, राखी, लग्न, काहीही असो, कोपरापर्यंत मेंदी काढलेली असेल तर लाली दिसत नाही, पेनाच्या खुणा दिसत नाहीत, मग पाठीवर करावी लागते नाहीतर परत पाठवतात. तारीख घेतानाच कॅलेंडर बघा.

वेळ हाताशी ठेवून निघा. ठाण्याहून वाशी-नेरुळकडे जायचं असेल तर सरळ ट्रान्स हार्बर लोकल पकडा, गाडीने ऐरोली-घणसोलीच्या सिग्नलवर अडकून धावतपळत पोचण्यात अर्थ नाही, कारण एकदा टोचलं की १५ ते २० मिनिटांनी वाचायलाच लागतं, मध्ये उठून जाता येत नाही, आणि झाल्यावरही अर्धा तास तिथेच बसवून ठेवतात.

बसल्यावर हात टेबलावर उताणा ठेवायला सांगतात. मनगटाच्या थोडं वर ते कोपराच्या थोडं खाली, आतली नितळ बाजू. लहान मुलांची पाठ घेतात. स्पिरिटच्या बोळ्याने पुसून वाळू देतात, मग पेनाने दोन रांगांमध्ये आकडे लिहितात, मध्ये साधारण दोन सेंटीमीटरची जागा सोडून, नाहीतर एकीची गांध दुसरीत मिसळते आणि कोणाचं काय ते कळत नाही. प्रत्येक आकड्यापाशी छोट्या बाटलीतून एकेक थेंब. हे अर्क ग्लिसरीनमधले असले की थेंब जाडसर असतो, पटकन ओघळत नाही. मग लान्सेट, प्लॅस्टिकची दांडी आणि पुढे एक मिलिमीटरचं टोक, ते थेंबातून कातडीवर हलकंच दाबतात. रक्त येणं अपेक्षित नाही. इथे एक बघून घ्या, प्रत्येक थेंबाला नवं लान्सेट वापरतायत ना, कारण तेच टोक पुसून पुढच्या थेंबात घातलं तर झुरळाचा अर्क मांजरीच्या थेंबात जाणार. विचारायला लाजू नका, चांगल्या ठिकाणी कोणाला राग येत नाही. शेवटी टिश्यूने टिपतात, फासत नाहीत, आणि घड्याळ लावतात.

मग खरी परीक्षा, न खाजवण्याची. डास चावल्यावर उठते तशी गांध, फिकट आणि मध्ये फुगलेली, भोवती लाल. पहिली साधारण आठ-दहा मिनिटांत उठते ती हिस्टामिनची, आणि ती उठायलाच हवी. प्रत्येक टेस्टमध्ये दोन थेंब मुद्दाम घातलेले असतात, एक हिस्टामिनचा, जो प्रत्येक माणसाला उठतो, आणि एक नुसत्या द्रावणाचा, जो कोणालाच उठता कामा नये. हिस्टामिन उठलं नाही म्हणजे बहुतेक अंगात गोळी आहे, टेस्ट बाद. साधं द्रावणही उठलं म्हणजे तुमची कातडीच नुसत्या टोचण्याने फुलते, मग बाकीच्या गांधींवर विश्वास ठेवायचा कसा. हे दोन आकडे बघितल्याशिवाय बाकी रिपोर्ट वाचायचाच नाही.

वेटिंगमध्ये माझ्या शेजारी एक काका होते, ऐरोलीहून आलेले, अख्खा हात कोरा. ते खूश, म्हणाले बघा मला काही नाही. आतून सिस्टर आल्या, हिस्टामिनच्या जागेवर बोट फिरवलं, म्हणाल्या, "काका, काल काय घेतलंत?" "काही नाही हो, आपली सर्दीची एक." "एकच?" "एक रात्री, एक सकाळी." झालं, परत पुढच्या आठवड्याची तारीख.

सिस्टरने बोट फिरवलं त्यालाही कारण आहे. आपल्या सावळ्या कातडीवर लाली नीट दिसत नाही, म्हणून लालीवर जायचं नाही, उंचवटा मोजायचा, आणि तो बोटाला आधी कळतो. पट्टीने लांबी मोजतात, मग त्याला काटकोनात रुंदी, दोन्हीची सरासरी. साध्या द्रावणाच्या गांधीपेक्षा ३ मिलिमीटर किंवा जास्त असेल तर पॉझिटिव्ह धरतात. काही ठिकाणी गांधीच्या कडेने पेनाने गोल काढतात, त्यावर सेलोटेप दाबून तो ठसा कागदावर चिकटवतात, मला ही पद्धत फार आवडली, पाच वर्षांनीसुद्धा कोणीही परत मोजू शकतं.

कल्पना तशी जुनी आहे, चार्ल्स ब्लॅकली नावाच्या मँचेस्टरच्या डॉक्टरने स्वतःलाच परागाचा त्रास होतो म्हणून स्वतःच्याच ओरबाडलेल्या कातडीवर पराग चोळून बघितले होते आणि १८७३ साली ते सगळं छापलं. अर्क आता प्रमाणित झाले, सुया बारीक झाल्या, बाकी तत्त्व तेच.

मुलांना नेताना "काही नाही करणारेत" असं खोटं सांगू नका, हात तुमच्या हातात धरा, किती वेळा टोचणार ते सांगा, आणि मोबाइलवर काय बघायचं ते आधीच डाउनलोड करा कारण नेमकं तिथेच नेटवर्क जातं. अगदी तान्ह्या बाळाचीही करता येते पण त्यांची कातडी कमी उठते, त्यामुळे डॉक्टर मोजकेच थेंब निवडतात.

मोठी रिअ‍ॅक्शन फार क्वचित येते, पण अ‍ॅड्रिनलिन आणि ते देणारा डॉक्टर त्या जागेत हजर असलाच पाहिजे. डॉक्टर नसताना नुसती लॅबची व्यक्ती करणार असेल, किंवा कोणी घरी येऊन करून देतो म्हणत असेल, तर नको. अंगभर खाज, घसा आवळल्यासारखा वाटणं, खोकला, चक्कर, पोटात मुरडा, असलं काही वाटलं की "बघू जरा" म्हणत बसू नका, लगेच हाक मारा. संपल्यावर गोळी घेता येते आणि तासा-दोन तासात बहुतेक सगळं बसतं. कधी कधी चार-सहा तासांनी तीच जागा परत सुजते, कडक लागते, ते एक-दोन दिवसांत जातं. घरी गेल्यावर श्वासाचं काही झालं तर मात्र १०८.

रिपोर्ट हातात आल्यावर

इथे सगळ्यात जास्त घोळ होतो. रिपोर्टमध्ये लांबलचक यादी, समोर एक प्लस, दोन प्लस, तीन प्लस, आणि लोक ती यादी फ्रिजवर लावतात. तर नाही. पॉझिटिव्ह म्हणजे तुमच्या शरीराने त्या वस्तूविरुद्ध आयजीई बनवून ठेवलंय, एवढंच. त्याने तुम्हाला त्रास होतोच असं नाही. त्रास आणि गांध दोन्ही जुळले तर ती अ‍ॅलर्जी. म्हणून जाण्याआधी एका कागदावर लिहून ठेवा, त्रास कधी होतो, घरात की बाहेर, झोपताना की झाडताना, पावसात की ऑक्टोबरात, गावाला गेल्यावर थांबतो का, काय खाल्ल्यावर किती वेळाने. हा कागद रिपोर्टइतकाच महत्त्वाचा आहे आणि डॉक्टरांनी तो विचारला नाही तर तुम्ही पुढे करा.

समजा घणसोलीतला एक माणूस, सकाळच्या शिंका, रात्री नाक बंद. रिपोर्टमध्ये डस्ट माइट ८ मिलिमीटर, झुरळ ५, कोळंबी ४. घरात एकदम शोककळा, आता रविवारची कोळंबी बंद. पण तो लहानपणापासून कोळंबी खातोय आणि कधी ओठाला खाजसुद्धा आलेली नाही. कोळंबी, झुरळ आणि माइट तिघांच्या अंगात ट्रोपोमायोसिन नावाचं बरंचसं सारखं प्रोटीन असतं, त्यामुळे माइटची अ‍ॅलर्जी असलेल्याच्या हातावर कोळंबीही उठू शकते. खाऊन काही होत नसेल तर नुसत्या थेंबावरून ती बंद करायची गरज नसते, डॉक्टरांशी बोला आणि खा. याच्या उलट, खेकडा खाल्ल्यावर एकदा अंगभर गांधी उठून दम लागला होता अशा बाईची गांध ३-४ मिलिमीटरच आली, तर ती छोटी म्हणून सोडायची नाही. गांध मोठी म्हणजे अ‍ॅलर्जी असण्याची शक्यता जास्त, पण रिअ‍ॅक्शन किती जोरात येईल हे तिच्यावरून सांगता येत नाही. आणि असं काही झालं असेल तर घरी "थोडंसं खाऊन बघते" हा प्रयोग अजिबात नको, त्यासाठी हॉस्पिटलमध्ये देखरेखीखाली खायला घालून बघतात.

म्हणूनच ऐंशी-शंभर थेंबांचं पॅकेज मला पटत नाही. जितके जास्त थेंब तितक्या जास्त बिनकामाच्या गांधी. नाकाच्या तक्रारीला माइट, झुरळ, बुरशी, पराग, कुत्रा-मांजर एवढं मुख्यतः लागतं, त्यात भेंडी आणि तूरडाळ घुसवायचं कारण काय ते विचारा. पैसे पॅकेजचे आहेत की थेंबामागे तेही आधीच विचारा, आणि ओपीडीतली टेस्ट बऱ्याच मेडिक्लेम पॉलिसीत बसत नाही, पॉलिसी काढून बघा. रक्तावरची जी "दोनशे पदार्थांची फूड टेस्ट" असते आणि ज्यात आयजीजी मोजतात, ती तर करूच नका, आयजीजी हे दुसरंच प्रोटीन, ते असणं म्हणजे तो पदार्थ तुम्ही खाल्लाय एवढीच पावती. एकूण आयजीई वाढलेलं असलं तरी कशाची अ‍ॅलर्जी ते त्यावरून कळत नाही, पोटात जंत असले तरी ते वाढतं.

पॅच टेस्टबद्दल थोडं, कारण तिची तयारी पूर्ण वेगळी आहे. इथे अँटीहिस्टामिनची एवढी अडचण नसते, स्टिरॉइडच्या गोळ्यांची आणि पाठीवर लावलेल्या मलमाची असते. पाठीवर छोट्या वाट्यांच्या पट्ट्या चिकटवतात, त्या ४८ तास तशाच ठेवायच्या, मग काढून वाचतात आणि परत ७२ किंवा ९६ तासांनी एकदा वाचतात. म्हणजे सोमवार, बुधवार आणि गुरुवार किंवा शुक्रवार अशा तीन फेऱ्या, सुट्टीचं गणित आधी जमवा. पाठ ओली करायची नाही, घामही नको, आणि हे आपल्या हवेत मे महिन्यात कसं जमणार ते तुम्हीच ठरवा, मी तरी डिसेंबर-जानेवारीच निवडेन. पाठीवरची सॅक आणि लोकलची गर्दी या दोन्हींनी पट्ट्या सुटतात, जमलं तर घरून काम मागा. यात सापडतं काय, तर नकली कानातलं आणि पँटच्या बटणातलं निकेल, गवंडीकाम करणाऱ्यांना सिमेंटमधलं क्रोमेट, हेअर डाय आणि काळ्या मेंदीतलं पीपीडी नावाचं रसायन, टिकलीच्या मागचा गोंद, रबरी चपला, आणि गाजर गवत, ज्याची देशातली नोंद १९५० च्या दशकात आधी पुण्यात झाली आणि आता रिकाम्या प्लॉटवर सगळीकडे आहे. स्वतः वापरता ती टिकली, डाय, क्रीम बरोबर न्या, पण स्वतःच्या मनाने पाठीवर लावून बघू नका.

टेस्ट झाल्या झाल्या त्याच खुर्चीत कोणी इम्युनोथेरपीचं पॅकेज पुढे केलं तर थांबा. ती चांगली ट्रीटमेंट आहे, ज्याची अ‍ॅलर्जी तेच थोडं थोडं देऊन शरीराला सवय लावायची, इंजेक्शन किंवा जिभेखालचे थेंब, पण ३ ते ५ वर्षं चालते, आणि जे अ‍ॅलर्जन तुमच्या त्रासाशी जुळतंय त्याचीच घ्यायची असते, यादीतल्या सगळ्यांची खिचडी करून नाही. दमा आटोक्यात नसताना सुरू करत नाहीत. रिपोर्ट घरी आणा, तो लक्षणांचा कागद शेजारी ठेवा, दोन दिवसांनी प्रश्न घेऊन परत जा. तोवर माइट निघाली असेल तर गादी-उशीला माइटरोधक कव्हरं, चादरी आठवड्याला ६० डिग्रीच्या पाण्यात (मशीनला हीटर आहे का बघा), आणि गिझर-एसीचं पाणी झिरपून ओली झालेली भिंत असेल तर रंग देण्याआधी गळती बंद करा, नुसता रंग मारला तर बुरशी पुढच्या पावसात परत येते.

रिपोर्टची प्रत मागून घ्या, त्यावर मिलिमीटरचे आकडे, हिस्टामिन आणि साध्या द्रावणाचे आकडे, तारीख आणि हातावर केली की पाठीवर हे लिहिलेलं हवं. नुसते प्लस असतील तर तिथेच लिहून मागा. हाताचा फोटो, पट्टी शेजारी धरून, २० मिनिटं झाल्यावर स्वतःच्या मोबाइलवर काढून ठेवा. डॉक्टर बदलला की हाच फोटो कामाला येतो, आणि दरवर्षी परत टोचून घ्यायची गरज नसते, त्रासाचं स्वरूप बदललं, घर बदललं, मांजर आणलं किंवा इम्युनोथेरपी सुरू करायची ठरली तरच परत विचार करायचा.